एका संताची जमीनदारी

इ. स. ११९१मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने आपल्या मालकीच्या जमिनीवर पवनचक्की उभारली. ही वस्तू तेव्हा त्या देशात इतकी नवी होती, की इंग्लंडमधल्या पवनचक्क्यांच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींमध्ये हर्बर्टच्या चक्कीची गणना होते. नोंद झाली ती मात्र कौतुकापोटी नव्हे. बरी सेंट एडमंड्स इथल्या बेनेडिक्टाइन मठाचा अधिपती सॅमसन याच्या कानावर चक्कीची बातमी गेली आणि रागाने त्याची अन्नावरची वासना उडाली. तोंडून धड शब्द निघेना. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपताच त्याने सुतार पाठवून चक्की जमीनदोस्त करण्याचा हुकूम सोडला.

हर्बर्ट धावत आला. वारा काही कुणाच्या मालकीचा नाही, शिवाय मी माझंच धान्य दळणार, शेजाऱ्यांच्या चक्कीचं गिऱ्हाईक तोडणार नाही, असं त्याने परोपरीने विनवलं. सॅमसन बधला नाही. माझे दोन्ही पाय तोडले असतेस तर जेवढे आभार मानले असते तेवढेच आता मानतो, असं त्याने सुनावलं. या हद्दीत मठाच्या परवानगीवाचून राजालाही काही बांधता येत नाही, आणि उद्या गावकरी तुझ्याकडे दळायला आले तर त्यांना मी अडवू कसा, हा त्याचा खरा मुद्दा होता. म्हातारा हर्बर्ट घाबरला. मुलाच्या सल्ल्याने त्याने आपल्याच नोकरांकडून चक्की उतरवून घेतली. मठाची माणसं पोचली तेव्हा पाडायला काही शिल्लक नव्हतं.

ही हकीकत कळते ती जोसलिन ऑफ ब्रेकलंड या भिक्षूमुळे. जोसलिन ११७३ साली मठात दाखल झाला आणि पुढे काही वर्षं सॅमसनच्या अगदी जवळ, त्याचा खाजगी पुरोहित म्हणून वावरला. ११७३ ते १२०२ या काळाची त्याने लॅटिनमध्ये लिहिलेली बखर म्हणजे मठाचं स्वयंपाकघर, हिशेबाच्या वह्या आणि कुजबुज यांचा खजिना आहे. मध्ययुगीन मठ म्हटलं की घंटानाद, मेणबत्त्या आणि मौन एवढंच ज्यांच्या डोळ्यांपुढे येतं, त्यांनी जोसलिनची पहिली वीस पानं वाचावीत. तिथे भेटतात कर्जरोखे, सावकार, तुंबलेली वसुली आणि कोठावळ्यावर खार खाऊन असलेले सहकारी.

आज सफोक परगण्यातल्या या गावात मठाच्या जागी सार्वजनिक बाग आहे. हिरवळीवर ओबडधोबड, वितळलेल्या मेणासारखे दिसणारे सुळके उभे आहेत. जवळ गेलं की कळतं, हा दगड नव्हे. चुन्यात कालवलेल्या गारगोट्यांचा तो भराव आहे. भिंतींना एके काळी बार्नॅकच्या खाणीतल्या घडीव दगडाचं आवरण होतं. तो दगड नेऊ द्यावा, असा हुकूम विजेता विल्यम राजाने पीटरबरोच्या मठाला दिला होता. कामाचा दगड लोकांनी केव्हाच उचलला. गारगोट्या नेऊन करायचं काय? म्हणून त्या राहिल्या.

सगळ्याच्या मुळाशी एक पराभूत राजा आहे. पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड ८६९ साली डेन हल्लेखोरांच्या हातून मारला गेला. एवढा इतिहास, पुढची सगळी आख्यायिका. साधारण शंभर वर्षांनी अ‍ॅबो या फ्रेंच भिक्षूने ती लिहून काढली: एडमंडला झाडाला बांधून बाणांनी विंधलं, मग शिरच्छेद करून मस्तक झुडपांत फेकलं. शोधायला गेलेल्या माणसांना ‘इथे, इथे’ असा आवाज आला. पाहतात तो एक लांडगा पंजांमध्ये ते मस्तक धरून राखण करत बसलेला. धड आणि मस्तक पुढे सांधलं गेलं, देह कुजला नाही, अशी श्रद्धा रूढ झाली आणि तो देह बेओडरिक्सवर्थ नावाच्या गावी आणला गेला. गावाचं नावही मग संतावरून पडलं.

एडमंडला मारणाऱ्यांच्याच वंशातल्या एका राजाने त्याचा मठ उभारला, ही यातली मौज. डेन राजा स्वेन याने संताच्या गावाकडे खंडणी मागितली आणि १०१४ मध्ये तो अचानक मेला. एडमंडनेच भाला घेऊन येऊन त्याला भोसकलं, असं लोक म्हणू लागले. स्वेनचा मुलगा कनूट इंग्लंडचा राजा झाल्यावर त्याने १०२० मध्ये इथल्या साध्या पुजाऱ्यांच्या जागी बेनेडिक्टाइन भिक्षू आणून बसवले. भक्ती असेल, पण नव्या मुलखात परक्या राजाने स्थानिक दैवताशी सलोखा करण्याचं राजकारणही त्यात असणारच.

सहाव्या शतकातल्या इटलीत संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमानुसार हे भिक्षू राहत. रात्रीपासून सुरू होणाऱ्या ठरावीक वेळच्या प्रार्थना, वाचन, काम, आणि खाजगी मालमत्ता अजिबात नाही. भिक्षूचं काहीच नसे. संताचं मात्र पुष्कळ असे. आपल्याकडे देवस्थानाची जमीन जशी देवाच्या नावावर असते, तशी इथली गावं, शेतं, चक्क्या, बाजार, जकाती सगळं ‘एडमंडचं’ होतं, आणि एडमंडच्या वतीने वहिवाट मठाधिपतीची. एडवर्ड द कन्फेसर राजाने तर १०४४ च्या सुमारास आजच्या पश्चिम सफोकचा जवळपास सगळा मुलूख मठाच्या अमलाखाली दिला. राजाचा शेरीफ तिथे अधिकार चालवू शकत नसे. न्यायनिवाडा मठाचा, दंडाची रक्कमही मठाची. पश्चिम सफोक ही वेगळी प्रशासकीय हद्द मठ गेल्यानंतरही शतकानुशतकं टिकली आणि १९७४ साली पुसली गेली.

गाव उभं केलं ते बाल्डविनने. हा फ्रेंच वैद्य एडवर्डवर आणि मग विल्यमवर उपचार करत असे. १०६५ ते १०९७ तो मठाधिपती होता. इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली आणि बहुतेक जुन्या संस्थांचं बरंचसं हिसकावलं गेलं, पण राजाच्या या वैद्याचा मठ वाढतच गेला. १०८६ च्या डूम्सडे या महसुली पाहणीत नोंद आहे की पूर्वी नांगरटीखाली असलेल्या जमिनीवर इथे ३४२ नवी घरं झाली. राहणारे कोण? भटारी, बिअर गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, आचारी, हमाल. हे सारे संताच्या, मठाधिपतीच्या आणि भिक्षूंच्या रोजच्या सेवेत असल्याचं पाहणीत स्पष्ट लिहिलं आहे. काटकोनात छेदणारे रस्ते आखून वसवलेलं ते गाव आजही त्याच रेषांवर आहे, आणि त्यातला चर्चगेट स्ट्रीट सरळ मठाच्या चर्चच्या मुख्य दाराच्या दिशेने जातो. ते चर्च सुमारे दीडशे मीटर लांबीचं, त्या काळच्या युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये मोडणारं. १०९५ मध्ये एडमंडची पेटी अर्धवट बांधलेल्या त्या इमारतीत समारंभाने हलवली गेली. चर्च पुरं व्हायला पुढच्या काही पिढ्या लागल्या.

एवढं वैभव असून जोसलिन मठात आला तेव्हा मठ कर्जात बुडालेला होता. ह्यू नावाचा म्हातारा मठाधिपती भला माणूस, दृष्टी अधू, आणि भोवती होयबा. प्रत्येक अधिकाऱ्याकडे आपापला शिक्का. ज्याला वाटेल तो कर्ज काढी. चर्चची इमारत आणि पूजासाहित्य सांभाळणाऱ्या विल्यम या अधिकाऱ्याने एक मोडकळीला आलेली खोली बांधायला नॉरिचच्या बेनेडिक्ट नावाच्या यहुदी सावकाराकडून ४० मार्क गुपचूप उचलले. खतावर शिक्का मारला तो संताच्या समाधीपाशी टांगलेला. व्याज चढत कर्ज १०० पौंडांवर गेलं, तेव्हा भांडं फुटलं. मग जुनं फेडायला नवं खत, ते फिटेना म्हणून त्याहून मोठं खत. आकडा ४०० पौंड, मग ८८०. इतर किरकोळ रोखे धरून या एकट्या सावकाराचं येणं १२०० पौंडांवर पोचलं. त्या काळातल्या एका मार्काची किंमत पौंडाच्या दोन तृतीयांश. एका खोलीच्या डागडुजीपासून ही मजल!

ह्यू ११८० मध्ये कँटरबरीच्या यात्रेत घोड्यावरून पडला आणि त्याच दुखण्यात गेला. त्यानंतर सव्वा वर्षाने, ११८२ मध्ये, दुसऱ्या हेन्री राजासमोर सॅमसनची निवड झाली. नॉर्फोकच्या टॉटिंग्टन गावचा हा माणूस पॅरिसमध्ये शिकलेला होता. जोसलिन त्याचं वर्णन बारकाईने करतो: मध्यम उंची, जवळपास टक्कल, मोठं नाक, जाड ओठ, रोखून पाहणारे डोळे, लालसर दाढीत थोडे पांढरे केस. लोकांपुढे प्रवचन करताना तो लॅटिन बाजूला ठेवून आपल्या नॉर्फोकच्या गावरान बोलीत बोले. जेरुसलेम पडल्याचं कळल्यापासून त्याने मांस सोडलं, तरी ते आपल्या पानात वाढून घेई. न खाल्लेलं गरिबांच्या वाट्याला जावं म्हणून.

सॅमसनने आल्याबरोबर जागोजागचे शिक्के गोळा करायला लावले. कुठल्या गावाकडून, कुठल्या कुळाकडून काय येणं आहे, याची तपशीलवार यादी करवली. ती आज इतिहासकारांच्या कामी येते. कर्ज फेडलं, पडकी कोठारं बांधली, मोठ्या सरदारांशी भांडून थकबाकी वसूल केली. थॉमस कार्लाइलने १८४३ मध्ये ‘पास्ट अँड प्रेझेंट’ लिहिताना याच सॅमसनला आदर्श राज्यकर्ता म्हणून उभं केलं. जोसलिनची बखर १८४० मध्येच छापून प्रसिद्ध झाली होती. कार्लाइलला यंत्रयुगातल्या नफेखोर इंग्लंडला झोडायचं होतं, त्यासाठी हा कडक मठाधिपती सोयीचा होता. पण बखर बाराव्या शतकातल्या शिंप्याच्या किंवा चांभाराच्या बाजूने वाचली तर सॅमसन वेगळाच दिसतो.

कापणीची पट्टी हे याचं ठसठशीत उदाहरण. पूर्वी गावकऱ्यांना मठाच्या शेतात कापणीची वेठ करावी लागे. पुढे तिच्या बदल्यात घरटी एक पेनी ठरला. श्रीमंतांनी ओळखीपाळखीने सवलत मिळवली. वसुली गरिबांच्या दारात. पैसे नसले तर कोठावळ्याची माणसं तिवई उचलून नेत, घराचं दार काढून नेत, हाताला लागेल ते भांडंकुंडं नेत. म्हाताऱ्या बायका चात्या घेऊन बाहेर येत, वसुलीवाल्यांवर उगारत आणि शिव्यांची लाखोली वाहत. ही रोजची शोभा नको म्हणून सॅमसनने तोड काढली: गावाने मिळून वर्षाला २० शिलिंग द्यावेत, दारं काढणं बंद. रस्त्यावरच्या शेणखतावरही कोठावळ्याचा हक्क होता, हे जोसलिन जाता जाता सांगतो. संताच्या गावात शेणसुद्धा बेवारस नव्हतं.

याच कारकिर्दीत यहुद्यांवर जे ओढवलं ते जोसलिन थोडक्यात उरकतो. १८ मार्च ११९० रोजी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बरीमध्ये ५७ यहुदी मारले गेले. धर्मयुद्धाच्या तयारीने इंग्लंडभर माथी भडकली होती, आणि ज्यांच्याकडून कर्ज घेतलं त्यांचा काटा काढण्याचा हिशेबही अनेकांच्या मनात होता. वाचलेल्यांना सॅमसनने राजाची परवानगी मिळवून त्याच वर्षी गावाबाहेर काढलं. जोसलिन हे धन्याच्या सद्गुणांच्या यादीत नोंदवतो. आजच्या बागेत अश्रूच्या आकाराचं पोलादी स्मारक आहे, भोवती त्या बळींसाठी ५७ गोटे बसवले आहेत.

जोसलिनचं सर्वांत रंगलेलं प्रकरण ११९८ च्या आगीचं. संताची समाधी आणि मुख्य वेदी यांच्या मधल्या लाकडी मंचावर दोन मेणबत्त्या अखंड जळत. जुन्या मेणबत्तीच्या थोटकावर नवी चिकटवायची, अशी राखणदारांची सवय. मंचाखाली चिंध्या, सूत, मेण, लोखंडाचे तुकडे वाट्टेल तसे कोंबलेले. एका रात्री मेणबत्ती पडली. जाग आलेले भिक्षू पाण्यासाठी कुणी विहिरीकडे, तर कुणी मठातल्या पाण्यावर चालणाऱ्या घड्याळाकडे धावले. आग विझली, पण समाधीवरचे चांदीचे पत्रे सैल झाले, आतलं लाकूड कोळसा. आता सकाळी यात्रेकरू येणार! तेव्हा रातोरात सोनाराला बोलावून पत्रे बसवले, जळल्याचे डाग शक्य तितके झाकले. उजाडल्यावर लोक आलेच. कुठे काय जळलं, असं विचारू लागले. कुणी म्हणे संताचं मस्तक जळालं, कुणी म्हणे नुसते केस होरपळले. भिक्षू म्हणत राहिले, काही नाही हो, काही नाही.

त्यानंतर सॅमसनने एका रात्री निवडक भिक्षूंसमोर पेटी उघडवली. तागाचं, रेशमाचं एकेक वस्त्र दूर केलं. देह दिसल्यावर त्याने मस्तक हातात घेऊन आपल्याला क्षमा कर म्हणत विनवलं, मग डोळे, ठसठशीत नाक, छाती, हाताची बोटं, पायाची बोटं मोजत गेला. न निवडलेल्यांचा जळफळाट झाला असणार, पण जॉन ऑफ डिस नावाचा एक भिक्षू नोकरांना घेऊन चर्चच्या छपरात चढून बसला होता. त्याने वरून सगळं पाहिलं.

याच समाधीपुढे ११९३ मध्ये राजसत्ताही थबकली होती. सिंहहृदयी रिचर्ड जर्मनीत कैदेत होता, खंडणीसाठी देशभरातल्या चर्चमधलं सोनंचांदी गोळा होत होतं. एडमंडच्या समाधीचे पत्रे काढायचे का, असा प्रश्न आला. मी चर्चची दारं उघडी ठेवतो, ज्याची हिंमत असेल त्याने आत यावं, एवढंच सॅमसन म्हणाला. एकही अधिकारी पुढे आला नाही. रिचर्डच्या मागून गादीवर आलेला जॉन दर्शनाला आला तेव्हा मठाला मोठ्या देणगीची आशा होती. त्याने एक रेशमी वस्त्र वाहिलं. ते त्याच्या माणसांनी मठाकडूनच उसनं घेतलं होतं आणि त्याचे पैसे दिलेच नाहीत. निघताना प्रार्थनेच्या वेळी त्याने १३ पेन्स ठेवले.

सॅमसन १२११ मध्ये गेला. मठ आणखी सव्वातीनशे वर्षं टिकला आणि यातला बराच काळ गावाशी भांडण्यात गेला. इतर गावांतल्या व्यापाऱ्यांना राजाकडून सनदा मिळत होत्या, स्वतःचे पंच नेमता येत होते. बरीच्या व्यापाऱ्यांना प्रत्येक गोष्टीसाठी मठाच्या दारात उभं राहावं लागे. १३२७ च्या जानेवारीत उद्रेक झाला. जमावाने मठ फोडला, खतं आणि सनदा पळवल्या, भिक्षूंना कोंडलं आणि गावाला हक्क देणाऱ्या सनदेवर जबरदस्तीने मान्यता घेतली. पुढे मठाधिपती रिचर्ड ऑफ ड्रॉटन यालाच पळवून आधी लंडनला आणि मग समुद्रापार ब्राबंटमधल्या डीस्ट गावी लपवून ठेवलं. मठाने नुकसानीचा दावा केला तो १ लाख ४० हजार पौंडांचा. तेवढी रक्कम गावाने सात पिढ्यांतही दिली नसती, तडजोड झाली.

या दंगलीत मठाचं दार गेलं. त्याच्या जागी चौदाव्या शतकाच्या मध्याला जे उभं राहिलं ते आजही बागेचं मुख्य प्रवेशद्वार आहे. नक्षीदार कमानी, मूर्तींसाठी कोनाडे, आणि काही कोनाड्यांच्या मागे बाण सोडायच्या फटी. वरून खाली सोडायच्या लोखंडी जाळीच्या खाचाही दिसतात. मठाला आपल्याच गावापासून एवढा बंदोबस्त करावा लागला.

बंदोबस्त पुरेसा नव्हता. १३८१ च्या शेतकरी बंडात जॉन रॉच्या टोळीने मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी, जॉन ऑफ केंब्रिज याला मिल्डनहॉलजवळ गाठून मारलं. देशाचा मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिशही याच भागात मारला गेला. दोघांची मैत्री होती. त्यांची मुंडकी भाल्यांवर लावून बरीच्या बाजारात आणली आणि एकमेकांच्या कानाशी, ओठांशी लावून लोकांनी खेळ केला. बंड मोडल्यावर राजाने जी सार्वत्रिक माफी जाहीर केली तिच्यातून बरी गाव वगळलं होतं.

पंधराव्या शतकात १४३०–३१ मध्ये पश्चिमेचा मनोरा कोसळला, १४६५ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या निष्काळजीपणाने चर्चला आग लागली. मधल्या काळात, १४३३ च्या नाताळापासून ईस्टरपर्यंत, बारा वर्षांचा सहावा हेन्री इथे मुक्कामाला होता. त्या पाहुणचाराची आठवण म्हणून मठातल्या जॉन लिडगेट या कवीने एडमंडचं चरित्र पद्यात लिहून दिलं. त्याची चित्रांनी मढवलेली प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. इथल्या ग्रंथालयात दोन हजारांच्या आसपास पुस्तकं होती असं मानतात. ११३५ च्या सुमारास मास्टर ह्यूगोने रंगवलेलं भव्य बायबल त्यातलंच. ते आता केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे.

आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ खालसा करायचं ठरवल्यावर १५३५ मध्ये तपासनीस आले. मठाधिपती जॉन रीव्हला पत्ते, फासे आणि इमारती बांधण्याचा शौक आहे, याहून गंभीर त्यांना फारसं सापडलं नाही. पवित्र अवशेषांची यादी मात्र त्यांनी मिटक्या मारत केली: संत लॉरेन्सला भाजलेले निखारे, एडमंडची कापलेली नखं, थॉमस बेकेटचा चाकू आणि बूट, डोकेदुखीवर चालणाऱ्या कवट्या. १५३८ मध्ये दुसरी टोळी थेट समाधीवर आली. पत्रे उखडताना फार त्रास पडला, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं आणि ५००० मार्कांहून जास्त किमतीचं सोनंचांदी नेलं. सॅमसनने दारं उघडून दिलेलं आव्हान कुणीतरी घेतलं, पण साडेतीनशे वर्षं उशिरा.

४ नोव्हेंबर १५३९ रोजी मठ राजाच्या स्वाधीन झाला. रीव्हला ५०० मार्कांचं घसघशीत पेन्शन मंजूर झालं, पण ते उपभोगायच्या आत, पुढच्या मार्चअखेर तो वारला. छपराचं शिसं काढलं की इमारतीत पाऊस येतो, आणि पाऊस आला की बाकीचं काम आपोआप होतं. १५६० मध्ये सगळी जागा जॉन आयर नावाच्या गृहस्थाने ४१२ पौंड १९ शिलिंग ४ पेन्सला विकत घेतली. हेन्रीची बहीण मेरी १५३३ मध्ये याच चर्चमध्ये पुरली गेली होती. तिला शेजारच्या सेंट मेरी चर्चमध्ये हलवलं.

गावाने आपला वाटा उचलला. कुणाच्या आवारभिंतीत कोरीव दगड, कुणाच्या पायरीला खांबाचा तुकडा. सगळ्यात विलक्षण आहे ती चर्चची पश्चिम दर्शनी भिंत: भल्याथोरल्या कमानींच्या पोटातच लोकांनी घरं बांधली. गारगोटीच्या कड्यासारख्या भिंतीत नीटस पांढऱ्या खिडक्या, दारावर नंबर, असं ते दृश्य आहे. ज्या स्वराज्यासाठी गाव १३२७ मध्ये पेटलं होतं, त्याची सनद पहिल्या जेम्स राजाकडून १६०६ मध्ये मिळाली.

उरला प्रश्न एडमंडचा. १५३८ च्या अहवालांत देहाचं काय केलं याचा शब्द नाही. फ्रान्समधल्या तुलूझ शहराचं म्हणणं, एडमंड आमच्याकडे आहे, तेराव्या शतकात फ्रेंच सैन्याने आणला. तिथले अवशेष १९०१ मध्ये लंडनच्या नव्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलसाठी इंग्लंडला पाठवलेही गेले. पण भुतांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेले, आणि बरीच्या मठाचा कसून अभ्यास केलेले एम. आर. जेम्स यांनी हे अवशेष खरे असल्याबद्दल जाहीर शंका घेतली. अवशेष ज्या अ‍ॅरंडेलच्या किल्ल्यात ठेवले होते तिथेच राहिले. जेम्सच्या जुन्या कागदपत्रांवरच्या संशोधनामुळे नववर्षाच्या सुमारास, १९०२–०३ मध्ये, मठाच्या सभागृहात सॅमसनसह पाच मठाधिपतींची थडगी सापडली. २०१७ मध्ये इतिहासकार फ्रान्सिस यंग यांनी नवा तर्क मांडला: १५३८–३९ मध्ये भिक्षूंनी एडमंडला लोखंडी पेटीत घालून आपल्याच दफनभूमीत पुरलं असावं. ती दफनभूमी तेव्हा बागेतल्या टेनिस कोर्टांखाली होती. बाग स्थानिक कौन्सिलच्या ताब्यात असल्यामुळे तिथे खणायचं तर अर्ज आता कौन्सिलकडे करावा लागतो.